माया

अकरा महिन्यांच्या करारावर
मी जिल्हा कचेरीच्या मागच्या खोलीत बसते.
दारावर पाटी : समाजमाध्यम कक्ष.
आत तीन संगणक, एक बंद कूलर
आणि एक तक्ता. नाव, गाव, लिंक, कारण.
कारणाच्या रकान्यात चारच शब्द चालतात,
बाण दाबला की खाली उतरतात :
अफवा. दिशाभूल. तेढ. इतर.

त्या आठवड्यात कृष्णा घाट चढत होती
आणि सुकुमार मगदूम, लेडीज अँड जेंट्स टेलर,
रोज पहाटे तिचं माप घ्यायला जायचे.
पायरी सात इंच,
मधल्या तीन तेवढ्या साडेसहा,
हे त्यांना तोंडपाठ.
मग मोबाईलवर लिहायचे
गिऱ्हाइकाच्या वहीत लिहावं तसं,
ना उद्गारचिन्ह, ना कुणाला शिवी :
‘पाणी रात्रीत सहा पायऱ्या वर.
गवळी गल्लीनं सामान हलवावं.’

सरकारी आकडा तेव्हा दोन फूट खाली होता.
सरकारी आकडा दुपारी उठतो,
त्याला सही लागते.

‘हा कोण?’ साहेबांनी विचारलं.
मी म्हटलं, शिंपी आहेत.
‘मग कपडे मोजावेत.’
खोलीत सगळे हसले.

मीही.

पाचवीपासून माझा गणवेश त्यांच्याकडचा.
आई सांगायची, वाढत्या अंगाचा शिवा.
ते खालच्या दुमडीत चार बोटं कापड राखायचे.
शिवणकामात त्याला माया म्हणतात.
आठवीत उसवली तेव्हा
विटक्या स्कर्टाखाली
निळ्याची एक कोरी पट्टी निघाली,
तीन वर्षं उन्हाला न दाखवलेली.

मी नाव टाकलं. गाव टाकलं. बाण दाबला.
दिशाभूल.
साडेपाचला यादी वर गेली.
वर म्हणजे कुठं, मला ठाऊक नाही.
रात्री नऊला त्यांच्या ओळींच्या जागी
इस्त्री केलेलं एक वाक्य होतं :
हा मजकूर आपल्या भागात उपलब्ध नाही.
पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शटरवर लिहिलं,
कापडावर खुणा करायच्या खडूनं.
पोरांनी फोटो काढले, फोटो यादीत आले.
तिसऱ्या दिवशी शटर निम्मं बुडालं
आणि खडू नदीनंच पुसला,
तिला आमचा तक्ता भरावा लागला नाही.

चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी
विजेच्या खांबाला त्यांनी टेप बांधली.
पिवळी, कडा झिजलेली.
शब्द एक नाही. आकडे टेपवर होते तेवढेच.
लोक यायचे, बघायचे,
घरी जाऊन गाद्या माळ्यावर टाकायचे.
कुणी कुणाशी काही बोललं नाही.
तोही फोटो माझ्यासमोर आला.
बाण दाबला. चार शब्द उतरले
आणि पागोळीसारखे लोंबत राहिले.
बराच वेळ.
मग मी ‘इतर’ निवडलं.

पूर ओसरला. करार वाढला, पुन्हा अकरा महिने.
दिवाळीआधी ब्लाउज टाकायला गेले.
भिंतीवर गळ्याइतकी चिखलाची रेघ,
त्यांनी ती पुसली नव्हती
आणि तिच्याशेजारी तारीखही लिहिली नव्हती.
माप ते नेहमी मोठ्यानं सांगतात,
पोऱ्या वहीत उतरवतो.
उंची चौदा.
बाही साडेनऊ.
दंडघेर...
थांबले. चष्म्यावरून बघितलं.
पाचवीपासून पोरी म्हणणारे मगदूमकाका म्हणाले,
‘हळू सांगू का, मॅडम?’

मी मशिनीकडं बघत राहिले.
पायटा गंजला होता, तेल दिलेलं दिसत होतं.
त्यांनी टेप गळ्यात टाकली, पेन्सिल कानावरून काढली
आणि रोजच्याच आवाजात विचारलं,
‘माया किती सोडू?’